नळाजवळचा खड्डा

बाबा, गेल्या महिन्यात मी आपल्या वस्तीतली तुमच्या हातची अर्थिंगं मोजली. चौदा निघाली. पंधरावं आपल्या घरचं होतं, ते धरलं नाही, कारण ते आता पहिल्या जागी नाही. लिहायला बसले ती हेच सांगायला, पण आधी मी काय काम करते ते सांगावं लागेल. तुम्ही गेलात तेव्हा मी दहावीत होते, आणि मी बँकेत लागेन, पंख्याखाली बसेन, असं तुम्हाला वाटत होतं. मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला. आता एका लहानशा कंपनीत आहे आणि मेहकरच्या वस्त्यांमधून हिंडते. आकाशातली वीज कोणत्या घरावर पडण्याचा धोका किती आणि पडली तर त्या घरातल्या माणसांचं काय होईल, याची पाहणी करते. आई लोकांना सांगते की पोरगी घरं मोजते. तेही खोटं नाही.

आधी घराची उंची घ्यायची. त्या उंचीच्या तिप्पट अंतर घराभोवती पसरलेलं धरायचं, तेवढ्या जागेवर उतरणारी वीज त्या घराची. शेजारी उंच झाड किंवा टॉवर असेल तर धोका कमी, टेकडीच्या माथ्यावर एकटं घर असेल तर दुप्पट. मग छत स्लॅबचं की पत्र्याचं, टाकी कुठे, वायरी खांबावरून येतात की जमिनीतून, आत माणसं किती आणि किती तास असतात. सगळं तक्त्यात भरलं की शेवटी एक आकडा निघतो. मी प्रत्येक घराचा आकडा दोनदा काढते, आणि रस्त्याच्या टोकाला पोचल्यावर कधी कधी तिसऱ्यांदा मोजायला परत येते. त्या तक्त्यात मी माझ्या मनानं एक रकाना वाढवला, 'छतावर वाळवण'. चैत्र-वैशाखात दुपारी ढग भरून आले की आपल्याकडच्या बायका घरात पळत नाहीत, छतावर पळतात, कुरडया आणि मिरच्या गोळा करायला. नेमक्या त्या दहा मिनिटांत. ऑफिसातून साहेबांचा फोन आला, "मॅडम, तुमच्या कुरडया मी कोणत्या सूत्रात टाकू?" मी म्हटलं, माणसांच्या तासांमध्ये टाका, सर. ते हसले, पण रकाना राहू दिला.

हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही. माझी पहिली-दुसरी घरीच झाली. टायफॉइडनंतर मी इतकी अशक्त होते की आईनं शाळेत पाठवलंच नाही, आणि तुम्ही म्हणालात, बरं झालं, मलेच एक हेल्पर पाहिजे होता. स्विचच्या खोक्यांच्या आतल्या पांढऱ्या बाजूवर मी मुळाक्षरं गिरवली. आकडे मोजायच्या टेपवर शिकले. वजाबाकी तुम्ही वायर कापून शिकवली, आणि मी हातचा विसरले की आई म्हणायची, "मोठी वायरमनची लेक! दीड फूट वायर वाया घातली तिनं." अर्थिंग म्हणजे काय ते मला स्वयंपाकघरात कळलं. मी ओट्यावर पाय हलवत बसले आहे, आई भाकरी थापते आहे, आणि तुम्ही होल्डरला दोन वायरी जोडलेला बल्ब घेऊन फ्रिजच्या प्लगाशी बसला आहात. एक वायर फेजला, दुसरी अर्थिंगला. बल्ब लखकन पेटतो. "पाह्य. हा घरातला चोर दरवाजा हाय. वाईट करंट आला की इथून खाली निंघून जाते, माणसाले हात लावत नाही." मग तुम्ही मला शेजारच्या घरी नेलंत. तिथे तोच बल्ब पेटला, पण मरतुकडा, पिवळा. तुमचा चेहरा मला आठवतो. डॉक्टर रिपोर्ट पाहून जसे गप्प होतात तसा. "खड्डा वाळला याचा," म्हणालात.

आपली वस्ती चढावर आहे. वीतभर मुरूम आणि खाली काळा खडक. अर्थिंगसाठी तुम्ही पहारीनं खड्डा करायचात, तांब्याची प्लेट उभी ठेवायचात, कोळसा आणि खडे मिठाचे थर द्यायचात, आणि उन्हाळा आला की तो खड्डा वाळून ठणठणीत व्हायचा. मग तुम्ही एक युक्ती काढलीत. मी तेव्हा नऊ वर्षांची असेन, मिठाची पिशवी धरून उभी होते.

"खडकाले करंट समजत नाही, माय. त्याले ओल लागते. सांग, आपल्या गावात बारा महिने ओल कुठं असते?"

"नदीत."

"नदीत कोनी घर बांधून राह्यलं का? ओल असते नळाजवळ. तिथं धुणं होते, भांडे होते, लेकरं न्हातात. सगळं गाव वाळून जाईन, पण नळापुढचा ओटा वाळत नाही."

तेव्हापासून तुमचा प्रत्येक खड्डा अंगणातल्या नळाच्या ओट्याला लागून. सांडलेलं पाणी त्यात मुरायचं आणि वैशाखातही तुमचा बल्ब लखलखीत पेटायचा. दुसरे वायरमन येऊन पाहून जायचे. मला वाटायचं, माझ्या बापासारखा हुशार माणूस बुलडाणा जिल्ह्यात नाही. पुढे एका वर्षी वरच्या आळीतल्या कडुनिंबावर वीज पडली, झाड वरपासून खालपर्यंत चिरलं, आणि महिनाभरात अख्ख्या वस्तीला वीजरोधक हवा झाला. तुम्ही पंधरा छतांवर टोकं उभी केलीत. लोक त्याला त्रिशूळ म्हणत. रस्त्यावरून पाहिलं तर पंधरा देवळं उभी आहेत असं वाटे. त्रिशूळापासून तांब्याची पट्टी भिंतीवरून खाली आणायची आणि चांगल्यात चांगल्या खड्ड्यात सोडायची. चांगल्यात चांगला खड्डा नळाजवळ होता.

चूक इथे झाली, बाबा. मी ती कागदावर अनेकदा मांडून पाहिली. घरातला करंट पळून जायला तो खड्डा उत्तम होता. पण आभाळातली वीज त्यात उतरते तेव्हा ती खड्ड्यातच थांबत नाही, आजूबाजूच्या ओल्या जमिनीत पसरते, आणि तिथे कुणी अनवाणी उभं असेल तर एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरते. नळाचा लोखंडी पाइप हातात असेल तर हातातून. त्या पट्टीपासून निदान तीन मीटर माणूस लांब हवा. आणि आपल्या गावात नळ आठ-दहा दिवसांनी येतो. तो आला की वर आभाळ फाटलं तरी त्याच्यापासून कुणी हलत नाही. गावात पाणी नाही म्हणून खड्डा तिथे, आणि पाणी नाही म्हणूनच बाईही तिथे. हे दुसऱ्या कुठल्या गावात झालंच नसतं कदाचित.

एसटीत कंडक्टर असलेल्या काकांची बायको, आपल्या कंडक्टरकाकू, गेल्या तो दिवस मी तुम्हाला सांगायला नको. तरी लिहिते, कारण आपण दोघं त्यावर कधी बोललो नाही. मे महिना, दुपारचे तीन. तुमचं डायलिसिस सुरू झालेलं. नळ आलेला. ढग इतके खाली की घरात दिवे लावले होते. बायका छतांवर, काकू मात्र नळावर, कारण त्यांची टाकी रिकामी होती. एक आवाज झाला, तो मला ऐकू आला म्हणण्यापेक्षा दातांत जाणवला. वीज त्यांच्याच त्रिशूळावर पडली होती. घराला ओरखडा नाही. एक बल्बसुद्धा गेला नाही. काकू ओट्याजवळ आडव्या आणि हंडा भरून वाहतो आहे. अंगावर खूण नव्हती. कुणी म्हणालं धडकी भरली, कुणी म्हणालं हृदय आधीच कमजोर होतं. सगळ्यांचं एका गोष्टीवर मात्र एकमत झालं: "वायरमनच्या त्रिशूळानं घर वाचवलं. बाईचं आयुष्यच तेवढं होतं."

तुम्ही भिंतीला धरत धरत तिथे आलात. मी तुमचा दुसरा हात धरला होता. तुम्ही काकूंकडे पाहिलं नाही. छताकडे पाहिलंत, मग नजर पट्टीवरून हळूहळू खाली आणलीत, खड्ड्यापर्यंत. मग खाली बसलात आणि ओल्या ओट्यावर तळहात ठेवलात. कंडक्टरकाकांना एवढंच विचारलंत, "नळ चालू होता?" ते म्हणाले, "चालू होता." बस.

दहा दिवसांनी पुन्हा नळ आला. आभाळ गडगडत होतं. मी हंडा लावून उभी आहे, आणि तुम्ही, ज्यांना खाटेवरून उठायला आईचा आधार लागायचा, ते एकटे बाहेर येता आणि माझ्या दंडाला धरून मला फरफटत ओढता. हंडा लवंडतो. "मरायचं हाय का तुले? मरायचं हाय का?" तुम्ही मला आयुष्यात त्याआधी कधी असा हात लावला नव्हता. आई ओरडली, "अहो, पाणी चाललं ना वाहून! आता दहा दिवस काय पिऊ?" तुम्ही म्हणालात, "जाऊ दे वाहून." मी रडले, आणि आजारानं माणूस चिडचिडा होतो असं आईनं मला रात्री समजावलं.

त्याच आठवड्यात तुम्ही आपला खड्डा हलवलात. पहार मी मारली, तुम्ही प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून सांगत होता. घरामागे, कुंपणाच्या कोपऱ्यात, जिथे कुणी जात नाही. मी विचारलं, "काऊन हलवून राह्यलो आपण?" तुम्ही म्हणालात, "तिकडं मोकळं हाय." मग वर बाभळीचे काटे टाकायला लावलेत. मी पंधरा वर्षांची होते, बाबा. पट्टी कशी उतरते, खड्डा काय करतो, सगळं मला तुम्हीच शिकवलं होतं. मी दोन आणि दोन जोडू शकले असते. जोडले नाहीत. तुम्ही श्रावणात गेलात. मधल्या अडीच महिन्यांत कंडक्टरकाका रोज सकाळी आपल्याकडे येऊन बसायचे. पपई कापून आणायचे. तुमचे पाय दाबायचे. त्यांच्या नळाजवळचा खड्डा तसाच होता आणि तुम्ही त्यांच्याशी मेहकर-चिखली गाडीच्या गोष्टी बोलत होता. हे मी बारा वर्षं डोक्यात येऊ दिलं नाही. आपल्याच वस्तीचा तक्ता माझ्या हातात आला तेव्हा येऊ द्यावं लागलं.

पहिल्यांदा मी त्यांच्याच घरी गेले. काका आता थकलेत, पण बोलण्यात अजून तिकीट फाडतात. "ये माय, पुढं सरक, मागं जागा हाय," म्हणाले. नळाच्या ओट्यावर त्यांची नात टबमध्ये बसून पाणी उडवत होती आणि सून धुणं धूत होती. मी अर्थिंग मोजायचा टेस्टर लावला. तुमचा खड्डा अजून जिवंत आहे, आकडा उत्तम आला. मला तो वाईट यायला हवा होता.

"काका, हा खड्डा इथून हलवावा लागेल."

"काऊन? खराब झाला का?"

"नाही. चांगला आहे. जागा चुकली आहे."

"तुह्या बापानं लावला हाय तो. त्याच्यानं घर वाचलं माह्यं. त्याले मी कोनाचा हात लागू देत नाही. तुहा बी नाही."

चौदापैकी अकरा घरांत कमीअधिक हेच झालं. एका आजीनं तर सरळ विचारलं, "शिकली म्हणून बापाले शिकवून राह्यली का वं?" तीन घरांत मी म्हणाले की आता नियम बदललेत. ते खरं नाही, नियम तेव्हाही हाच होता, फक्त तुमच्यापर्यंत कुणी पोचवला नव्हता. खोटं बोलूनही काही उपयोग झाला नाही. मी म्हटलं, निदान गडगडायला लागलं की नळावरून उठा. एक वहिनी हसत म्हणाली, "ताई, वीज सेकंदभर येते, नळ दहा दिवसांनी येते. कोनाच्यासाठी थांबू तुम्हीच सांगा." सगळ्या हसल्या. मलाही हसू आलं, आणि घरी येऊन मी जेवले नाही.

गेल्या आठवड्यात एका दुपारी लोणारकडून ढग चढले आणि त्याच वेळी नळ आला. मी आपल्या छतावर उभी राहून पाहिलं. चौदा ओट्यांवर बायका. काहींजवळ लेकरं. चौदा पट्ट्या भिंतींवरून उतरून त्यांच्या पायांशी संपत होत्या. मी खाली धावले. प्रत्येक फाटकाशी उभी राहून ओरडले, उठा, घरात जा, हात जोडते तुम्हाला. एका पोराला मी अक्षरशः उचलून आत ठेवलं, तसं त्याच्या आईनं त्याला माझ्या हातातून हिसकावलं. ढग तसेच पुढे गेले. पाऊससुद्धा पडला नाही. माणसं फाटकात येऊन माझ्याकडे पाहत होती, आणि आई मला न्यायला आली तेव्हा तिनं माझा दंड धरला, तुम्ही धरला होता तिथेच.

मला त्या क्षणी कळलं की तुमच्या नावाला धक्का लावल्याशिवाय एकही खड्डा हलणार नाही. लोक खड्ड्याला नव्हे, तुम्हाला धरून बसले होते.

संध्याकाळी मी काकांच्या ओसरीवर गेले. माझा तमाशा झालाच होता, त्यामुळे आणखी सात-आठ जण तिथे बसलेले. मी उभ्यानंच सांगितलं. काकू धडकीनं गेल्या नाहीत. त्रिशूळावर पडलेली वीज पट्टीतून खाली आली आणि ओट्याच्या ओलीतून त्यांच्या पायांत चढली. खड्डा नळाजवळ नसता तर त्या वाचल्या असत्या. ती माझ्या वडिलांची चूक होती. त्यांना ती कळली, म्हणून त्यांनी आमच्या घरचा खड्डा मागे हलवला, तो मी माझ्या हातांनी खोदला, या आणि बघा.

आत कुकरची शिट्टी झाली आणि सुनेनं गॅस बंद केला. काका आपल्या पायांकडे पाहत होते.

"त्याले माहीत होतं?"

"हो."

"कवापासून?"

"त्याच दिवसापासून. त्यांनी तुम्हाला विचारलं होतं, नळ चालू होता का."

"हाव. विचारलं होतं." मग त्यांचा आवाज इतका बारीक झाला की मला पुढे वाकावं लागलं. "मी रोज येत होतो ना वं त्याच्यापाशी. मंग मले काऊन नाही सांगितलं?"

मी घरून निघताना सगळं लिहून पाठ केलं होतं, त्यात हा प्रश्न नव्हता. त्या म्हाताऱ्या माणसाचं तोंड मला बघवेना, आणि मी म्हणाले, "ते सगळ्यांचेच हलवणार होते, काका. पहिला आमचा काढला तो मला काम शिकवायला. पुढचा तुमचाच होता. मग त्यांच्यात ताकद राहिली नाही."

काकांनी मान हलवली. दोनदा, तीनदा. "असंच असंन," म्हणाले. "तसा नव्हता तो." दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते पहार घेऊन स्वतः अंगणात उभे होते. आतापर्यंत पाच खड्डे हलले आहेत, उरलेल्या नऊ जणांनी हो म्हटलं आहे, आणि तोवर त्यांच्या नळांवर गडगडताना कुणी जात नाही. हिशेबाच्या तक्त्यात त्या घरांचे आकडे खाली आलेत. मी तीनदा तपासले.

हे पत्र मी कुणाच्या हाती देणार, ते फाडून टाकणार की माझ्या कपाटात ठेवणार, अजून ठरवलं नाही. अहवालात मी सगळं जसंच्या तसं लिहिलं आहे, तुमची चूक आणि तिचं कारण. फक्त काकांना सांगितलेलं ते वाक्य कुठे लिहिलेलं नाही. मी खूप आठवून पाहिलं, बाबा. पहार मारताना, काटे टाकताना, दवाखान्यात जाता-येता. बाकीच्यांचे हलवायचे आहेत असं तुम्ही मला एकदाही म्हणाला नव्हतात. आईला म्हणाला असाल कदाचित. मी तिला विचारलेलं नाही. विचारलं तर ती खरं सांगेल.